खेळणाऱ्या लेकीचं हृदय तपासावं का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून एका आईनं लिहिलं आहे. त्यांची मुलगी सोळा वर्षांची, अकरावीत शिकते, पाचवीपासून खो-खो खेळते. जिल्ह्याच्या संघातून आता राज्याच्या शिबिरासाठी तिची निवड झाली आहे. शिबिराला फिटनेस सर्टिफिकेट लागतं. ते गावातल्या डॉक्टरांकडून मिळालं, पण त्यांनी ना छातीला स्टेथोस्कोप लावला ना काही विचारलं, असं आई म्हणतात. अलीकडेच शेजारच्या गावात क्रिकेट खेळताना एकोणीस वर्षांचा मुलगा कोसळला आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत गेला. तेव्हापासून आईंना झोप नाही. मुलीचा ‘फुल हार्ट चेकअप’ करावा असं त्यांना वाटतं. वडिलांचं म्हणणं, नसतं दुखणं उकरून काढू नये. कागदावर काही आलं तर खेळ जाईल आणि उद्या लग्नाच्या वेळी तोच कागद आडवा येईल. प्रशिक्षक म्हणतात, रोज पळणाऱ्या पोरींची हृदयं दणकट असतात, काळजी करू नका. पत्रात ओघात आणखी दोन गोष्टी आल्या आहेत. दिवाळीनंतर सरावात पळता पळता मुलगी खाली पडली होती, काही क्षण शुद्ध नव्हती. उपाशीपोटी आली म्हणून भोवळ आली, असं सगळ्यांनी मानलं. आणि ‘आमच्या घराण्यात हृदयविकार कुणालाच नाही, एक दीर तरुणपणी गेले, पण ते विहिरीत बुडून, पट्टीचे पोहणारे असूनही.’ आईंचे प्रश्न असे: तपासणी करावी का, कोणती करावी, काही निघालं तर काय, आणि मुलीला हे सगळं सांगावं का?

ताई,

शेजारच्या गावातल्या मुलाबद्दल तुम्ही पानभर लिहिलं आहे. लेक मैदानात पडली त्याबद्दल एक ओळ आहे आणि दिरांबद्दल अर्धी. मला मात्र त्या दीड ओळीपासूनच सुरुवात करायची आहे, कारण तिच्यामुळे तुमचा प्रश्नच बदलतो. ज्या मुलीला कसलाही त्रास नाही तिचं हृदय तपासावं का, यावर जगभरचे डॉक्टर अजून वाद घालतात. पळताना जिची शुद्ध गेली आणि जिचा सख्खा काका तरुणपणी अचानक गेला, तिला तपासावं का, यावर कुठेही वाद नाही. तपासायचंच. शिबिराच्या आधी. आणि तपासून होईपर्यंत तिचा पळण्याचा सराव बंद ठेवायचा. हे एवढं कृपया आजच करा, बाकीचं सावकाश वाचा.

घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. या वयातल्या मुलींना भोवळ येते आणि बहुतेक वेळा तिचा हृदयाच्या आजाराशी काही संबंध नसतो. प्रार्थनेला उन्हात उभी असताना, रक्त पाहिल्यावर, पळून थांबल्यावर लगेच उभी राहिली तर डोळ्यांपुढे अंधारी येऊन मुलगी खाली बसते आणि दोन मिनिटांत सावरते. ती साधी भोवळ. पण पळणं चालू असताना, पाऊल पडत असताना शुद्ध जाणं वेगळं. तेव्हा हृदयाची लय बिघडून मेंदूला रक्त कमी पडलं असण्याची शक्यता असते, आणि ती नाकारल्याशिवाय पुढं जाता येत नाही. म्हणून ती नेमकी कधी पडली हे शोधून काढा. पळताना, की गडी बाद होऊन बाहेर येऊन उभी राहिल्यावर? पडण्याआधी घाम, मळमळ, डोळ्यांपुढे काळोख असं काही झालं, की काहीच कळलं नाही? पडताना हात पुढे आले, की तोंडावरच आपटली? हातपाय झटकले का? शुद्धीवर आल्यावर लगेच ओळख पटली का? तिला स्वतःला यातलं बरंच आठवणार नाही. पण खो-खोच्या सरावात मधल्या पाटीवर आठ जणी बसलेल्या असतात, त्यांतल्या कुणीतरी ती अगदी जवळून पडताना पाहिली असेल. त्या मुलीला घरी बोलवा, चहा द्या आणि शांतपणे विचारा. तिनं सांगितलेली चार वाक्यं तशीच कागदावर उतरवा. डॉक्टरांना त्या कागदाचा उपयोग कुठल्याही महागड्या रिपोर्टइतका होईल.

आता दिरांबद्दल. पट्टीचा पोहणारा तरुण ओळखीच्या विहिरीत बुडतो, तेव्हा लोक म्हणतात, पेटके आले असतील, डोकं कपारीला लागलं असेल. तसं झालंही असेल. इतक्या वर्षांनी कुणालाच खात्रीनं सांगता येणार नाही. पण हृदयाच्या विजेच्या यंत्रणेत जन्मतः दोष असणारे काही आजार आहेत. त्यातल्या एकाला ‘लाँग क्यूटी सिंड्रोम’ म्हणतात. त्याच्या एका प्रकारात पोहणं, पाण्यात सूर मारणं, जोरात पळणं यांमुळेच लय बिघडते. माणूस पाण्यात बेशुद्ध होतो आणि बुडतो. शवविच्छेदनात फुप्फुसात पाणी दिसतं, हृदय दिसायला अगदी ठीक असतं, आणि कागदावर ‘पाण्यात बुडून मृत्यू’ एवढंच उरतं. असे आजार बहुधा आईवडिलांपैकी एकाकडून येतात आणि प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी असते.

‘आमच्या घराण्यात हृदयविकार नाही’ असं आपण म्हणतो तेव्हा मनात बहुतेक पन्नाशी-साठीतला ॲटॅक असतो, ब्लॉकेज, अँजिओप्लास्टी. मैदानावर कोसळणाऱ्या तरुण मुलांचे आजार वेगळे असतात. हृदयाचा स्नायू अवाजवी जाड होणं (हा दोष सुमारे ५०० जणांत एकाला असतो), रक्त पुरवणारी धमनी जन्मतः चुकीच्या जागेवरून निघालेली असणं, विजेचा जादा मार्ग असणं, विषाणूच्या तापानंतर हृदयाच्या स्नायूला सूज येणं. आपल्याकडे त्यात लहानपणीच्या घसादुखीतून उद्भवणाऱ्या सांधेतापानं खराब झालेल्या झडपांचीही भर पडते. यातल्या कशाचाही कोलेस्टेरॉलशी संबंध नाही. म्हणून घराण्याची चौकशी करताना ‘कुणाला ॲटॅक आला होता का’ एवढं विचारून भागत नाही. पन्नाशीच्या आत कुणी अचानक गेलं का, झोपेत गेलं का, पाण्यात गेलं का, गाडी चालवताना कारण नसताना रस्ता सोडून गेलं का, कुणाला ‘फिट’ येत असत का, धडधाकट तान्हं बाळ गेलं का, असं विचारावं लागतं. माहेर आणि सासर दोन्हीकडे. आणि तुमचं लग्न नात्यात झालं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. तुमच्या सासूबाईंना यातलं सर्वांत जास्त माहीत असेल. मात्र जपून विचारा ताई, तो त्यांचा मुलगा होता.

तुमच्या यजमानांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. लग्नाच्या बाजारात मुलीच्या चष्म्याचीही चर्चा होते, तिथं हृदयाचं नाव निघालं तर काय होईल हे त्यांना चांगलं ठाऊक आहे, आणि तुम्हालाही. पण कागदावर न लिहिल्यानं दोष नाहीसा होत नाही, तो तिच्या छातीतच राहतो. खेळ सुटला तरी तो राहतोच. झडपेचा आजार लपून राहिला तर गरोदरपणात, रक्ताचं प्रमाण वाढल्यावर उफाळून येतो. आपल्याकडे कित्येक बायकांना आपली झडप अरुंद आहे हे पहिल्या बाळंतपणात जीव कासावीस झाल्यावरच कळतं. वेळेवर कळलेला दोष सांभाळता येतो, पुष्कळदा कायमचा दूरही करता येतो. आणि एक गोष्ट त्यांना अवश्य सांगा: तपासणीचा रिपोर्ट तुमचा असतो. डॉक्टरांनी तो तुमच्या संमतीशिवाय कुणाला सांगायचा नसतो. शिबिराला द्यायच्या दाखल्यावर खेळायला योग्य आहे की नाही एवढंच लिहितात, आत काय सापडलं ते नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक सुचवते. बुडालेले दीर यजमानांचे सख्खे भाऊ. मग पहिला ईसीजी यजमानांचाच काढा. घराण्यातून आलेलं काही असेल तर ते त्यांच्या ईसीजीत दिसू शकतं, त्यामुळे वैद्यकीयदृष्ट्याही ते योग्यच आहे. शिवाय घरातल्या सगळ्यांचा ईसीजी निघाला की ‘पोरीत काहीतरी आहे’ अशी कुजबुज उरत नाही. बाप आधी टेबलावर झोपला की लेकीची भीतीही निम्मी कमी होते.

आता तपासणीबद्दल. ‘फुल हार्ट चेकअप’ नावाचं जे पॅकेज मिळतं ते बहुधा चाळिशी-पन्नाशीच्या माणसासाठी बेतलेलं असतं. त्यातल्या कोलेस्टेरॉलचा तुमच्या मुलीला काही उपयोग नाही. तिला लागणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या नीट व्हायला हव्यात. आधी प्रश्न: वर लिहिलेले सगळे, शिवाय पळताना छातीत दुखतं का, इतर मुलींपेक्षा आधी दम लागतो का, धडधड अचानक सुरू होऊन अचानक थांबते का. मग हातांनी तपासणं: रक्तदाब, मनगटातली आणि जांघेतली नाडी, झोपवून आणि उभं करून हृदयाचे आवाज ऐकणं. मग ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी). तिची शुद्ध पळताना गेली असल्यामुळे तिच्या बाबतीत इथं थांबायचं नाही; डॉक्टरांच्या देखरेखीखाली ट्रेडमिलवर पळवून घेतलेला ईसीजीही हवा. काही लयदोष शांत झोपलेल्या माणसात दिसतच नाहीत, फक्त जोराच्या श्रमात किंवा श्रमानंतरच्या काही मिनिटांत दिसतात. गरज पडली तर होल्टर, म्हणजे चोवीस तास अंगावर बाळगून ईसीजी नोंदवणारं छोटं यंत्र. आणि हिमोग्लोबिन. ते विसरू नका. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणीस वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींना रक्तक्षय आढळला होता. रक्त कमी असलेली मुलगी पळताना धापा टाकते, तिचं हृदय धडधडतं, तिच्या हृदयाच्या आवाजात हलकी घरघरही ऐकू येऊ शकते. तुमच्या लेकीचं सगळं दुखणं एवढंच निघालं तर किती बरं होईल. पण रक्त कमी निघालं म्हणून हृदयाची तपासणी सोडून द्यायची नाही.

ईसीजीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण घोळ इथंच होतात. छातीवर सहा ठिकाणी इलेक्ट्रोड लावावे लागतात, त्यांच्या जागा ठरलेल्या आहेत, बोटानं बरगड्या मोजून लावायच्या असतात. मुलगी लाजते, काढणारा पुरुष असेल तर तोही संकोचतो, मग कपडे न काढता कसेबसे वर-खाली लावले जातात आणि नसलेला दोष कागदावर उमटतो किंवा असलेला दिसत नाही. म्हणून आधीच फोन करून सांगा की ईसीजी काढायला बाई हवी. पुढून उघडणारा सैल शर्ट घालून न्या. तुम्ही आत थांबा. दुसरं, कागदाच्या वरच्या कोपऱ्यात मशीन आपलं मत छापून देतं. ‘ॲबनॉर्मल’ हा शब्द तिथं दिसला की घरात रडारड सुरू होते. हे मत डॉक्टरांचं नसतं. रोज सराव करणाऱ्या मुलांची नाडी मिनिटाला पन्नासच्या आसपास असणं, ईसीजीतल्या लहरी उंच दिसणं हे सरावानं घडलेल्या हृदयाचं लक्षण आहे, रोग नव्हे. सोळाच्या आतल्या मुलांत छातीच्या पहिल्या दोन-तीन लीडमध्ये (म्हणजे तिथल्या इलेक्ट्रोडच्या आलेखात) टी लहर, म्हणजे प्रत्येक ठोक्याच्या शेवटचा उंचवटा, उलटी असणंही चालतं. उलट, डाव्या बाजूच्या लीडमध्ये ती उलटी असेल तर मुलगी कितीही ठणठणीत दिसली तरी पुढची तपासणी लागते. खेळाडूंचा ईसीजी कसा वाचायचा याचे आंतरराष्ट्रीय निकष २०१७ मध्ये ठरले आहेत. तेव्हा डॉक्टरांना आधीच सांगा, मुलगी रोज इतके तास पळते, पळताना अशी पडली, काका असे गेले. ही माहिती नसेल तर चांगला डॉक्टरही चुकू शकतो.

तुमच्या प्रशिक्षकांचं ‘दणकट हृदय’ इथं अर्धंच खरं ठरतं. सरावानं निरोगी हृदय मजबूत होतं, पण जन्मतः सदोष असलेलं हृदय सरावानं दुरुस्त होत नाही. तीव्र श्रम हाच त्याचा कसोटीचा क्षण असतो. मार्क-व्हिव्हियन फोए हा कॅमेरूनचा फुटबॉलपटू २६ जून २००३ रोजी फ्रान्समधल्या ल्योंमध्ये सामना चालू असताना कोसळला आणि गेला. त्याच्या हृदयाचा स्नायू जाड झालेला होता. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर २००४ ला, गोव्याच्या डेम्पो संघाचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर बेंगळुरूत फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात गोल केल्यावर गोलरक्षकाशी धडकून कोसळला आणि गेला. मैदानावर तातडीच्या उपचारांची तयारी कशी अपुरी होती यावर तेव्हा देशभर चर्चा झाली होती. दोघांच्याही ताकदीबद्दल कुणाला शंका नव्हती.

तुमच्यासारखी अनेक पत्रं येतात, पण त्यातल्या मुलांना काहीही त्रास नसतो. ‘आम्हीही सरसकट ईसीजी काढावा का,’ असं ते पालक विचारतात. त्यांच्यासाठी इथं थोडं थांबते. इटलीनं १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूला ईसीजीसह तपासणी सक्तीची केली. तिथल्या व्हेनेतो प्रांतात तरुण खेळाडूंचे अचानक मृत्यू दर लाखामागे वर्षाला ३.६ वरून पुढच्या पंचवीस वर्षांत ०.४ वर आले. हा आकडा डोळ्यांत भरतो. पण इस्राएलनं १९९७ मध्ये असाच कायदा केला, तिथं मागाहून केलेल्या अभ्यासात असा फरक दिसला नाही. इटलीत सुरुवातीचीच वर्षं नेमकी वाईट होती का, अशी शंकाही घेतली गेली आहे. अमेरिकेतली हृदयरोग संघटना सगळ्यांना ईसीजी सांगत नाही. ती चौदा मुद्द्यांची चौकशी आणि शारीरिक तपासणी यांवर भर देते.

मला सर्वांत बोलका वाटतो तो इंग्लंडचा अनुभव. तिथल्या फुटबॉल संघटनेनं १९९६ ते २०१६ या काळात ११,१६८ किशोरवयीन खेळाडूंचे ईसीजी आणि इको दोन्ही केले. ४२ जणांत जिवावर बेतू शकेल असा दोष वेळेवर सापडला. पण पुढच्या काळात आठ जण हृदयाच्या आजारानं अचानक गेले आणि त्यातल्या सहा जणांची तपासणी नॉर्मल आली होती. काही दोष त्या वयात दिसतच नाहीत, ते पुढच्या वर्षांत फुलतात. काही साध्या इकोत सापडत नाहीत. याचा अर्थ तपासणी फोल आहे असा मी काढत नाही, ते ४२ जण वाचण्याची संधी मिळालेली मुलं आहेत. माझं मत असं: स्पर्धेच्या पातळीवर रोज दोन-तीन तास घाम गाळणाऱ्या मुलामुलीची घराण्याची चौकशी आणि नीट शारीरिक तपासणी दरवर्षी व्हावीच; परवडत असेल आणि वाचणारा जाणकार असेल तर वयात येताना एकदा ईसीजी काढावा, आणि पुढं दोन-तीन वर्षांनी पुन्हा. शाळेच्या तासाला हौसेनं खेळणाऱ्या, कसलाही त्रास नसलेल्या मुलांना सरसकट इकोच्या रांगेत उभं करू नये. मात्र नॉर्मल रिपोर्ट मिळाला म्हणून पुढं होणाऱ्या त्रासाकडे दुर्लक्ष करण्याची मुभा कुणालाही मिळत नाही. ताप अंगावर काढून सामना खेळण्याची तर कधीच नाही. तापात हृदयाच्या स्नायूला सूज असेल तर त्या दिवसांतली धाव घातक ठरू शकते. ‘एकच मॅच आहे, गोळी घेऊन खेळ’ हे वाक्य मैदानांवरून हद्दपार व्हायला हवं.

काही निघालं तर काय, हा तुमचा तिसरा प्रश्न. निघालेली गोष्ट कोणती, यावर सगळं अवलंबून आहे. विजेचा जादा मार्ग निघाला तर जांघेतल्या शिरेतून तार नेऊन तो जाळून टाकतात. त्याला ॲब्लेशन म्हणतात, त्यात छाती उघडावी लागत नाही, आणि काही आठवड्यांत बहुतेक मुलं मैदानावर परततात. लाँग क्यूटी निघाला तर रोजची बीटा ब्लॉकरची (हृदयाचा वेग आवरणारी) गोळी, काही औषधं कायमची वर्ज्य (काही नेहमीची अँटिबायोटिक्स आणि उलटीच्या गोळ्याही त्यात येतात, म्हणून त्या औषधांची यादी पाकिटात ठेवायची) आणि कोणता खेळ किती खेळायचा याचा तज्ज्ञांशी बोलून निर्णय. झडपेचा आजार निघाला तर ठरावीक काळानं पेनिसिलिनचं इंजेक्शन. स्नायू जाड निघाला तर प्रश्न अवघड होतो. पूर्वी अशा खेळाडूला सरळ घरी बसवत. हल्ली धोका नीट मोजून, खेळाडू आणि घरच्यांना सगळं समजावून, मिळून निर्णय घेण्याकडे कल आहे. डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिश्चन एरिक्सन १२ जून २०२१ ला कोपनहेगनमध्ये सामन्यातच कोसळला, मैदानावरच शॉक देऊन त्याचं हृदय पुन्हा सुरू केलं, छातीत आयसीडी (लय बिघडली की आपोआप शॉक देणारं छोटं यंत्र) बसवला. तो तेव्हा इटलीतल्या क्लबकडून खेळत होता; तिथल्या नियमांत त्या यंत्रासह खेळता येत नव्हतं, म्हणून तो इंग्लंडमध्ये गेला आणि २०२२ च्या विश्वचषकातही खेळला. पण त्याच्यामागे मोठी वैद्यकीय फौज होती. तुमच्या लेकीला कदाचित स्पर्धा सोडावी लागेल, हेही मी लपवणार नाही. पाचवीपासून जिनं खांब धरून वळण्यात आणि सूर मारून गडी टिपण्यात आपलं सगळं ओतलं, तिच्यासाठी ते मोठं दुःख असेल. ते ‘जीव वाचला ना’ एवढ्यावर मिटवू नका, तिला रडू द्या. आणि असा निर्णय एकाच डॉक्टरांच्या शब्दावर घेऊ नका. खेळाडू पाहण्याची सवय असलेल्या दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञांचं मत घ्या.

खर्चाचं तुम्ही लिहिलं नाही, पण तो मनात असणारच. ईसीजीला काही शे रुपये लागतात, इकोला त्याहून बरेच जास्त. अनुदानित किंवा सरकारी शाळा-कॉलेजात शिकणाऱ्या अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. जन्मजात हृदयदोष आणि सांधेतापाचा हृदयरोग हे दोन्ही त्यात येतात. कॉलेजात येणाऱ्या पथकाला गाठा किंवा सरळ जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. पुढं शस्त्रक्रिया वगैरे लागलीच तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना विचारा. तज्ज्ञांसाठी तुम्हाला मुंबई-पुणे गाठायची गरज नाही, सांगली-मिरजेत आणि कोल्हापुरात हृदयरोगतज्ज्ञ आहेत. आणि हातात असलेलं ते सर्टिफिकेट शिबिराला देऊ नका. न तपासता मारलेला शिक्का तिला सांभाळणार नाही.

प्रशिक्षकांशी भांडू नका, त्यांना कामाला लावा. तिचा सराव काही दिवस का बंद आहे हे स्पष्ट सांगा. मग विचारा, मैदानावर एखादी मुलगी कोसळली तर पहिल्या मिनिटाला कोण काय करणार? आपल्याकडे तोंडावर पाणी मारतात, कांदा हुंगवतात, चप्पल नाकाशी धरतात, गर्दी करतात. कोसळलेली व्यक्ती हाकेला प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल तर हृदय थांबलं आहे असंच धरायचं. हातपाय झटकले तरी, अधूनमधून आचके दिल्यासारखा श्वास घेतला तरी. फिट समजून वाट पाहायची नाही. एकानं १०८ ला फोन लावायचा, दुसऱ्यानं छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीनं, किमान पाच सेंटिमीटर दाबायला सुरुवात करायची आणि मदत येईपर्यंत थांबायचं नाही. काहीच न करता गेलेल्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. शॉक देणारं एईडी यंत्र लाखाच्या घरात जातं. एका शाळेला ते जड आहे, पण तालुका क्रीडा संकुलात एक असावं यासाठी चार मंडळांनी मिळून मागणी करता येते. छाती दाबायला शिकायला तर एक दुपार पुरते. शेजारच्या गावातल्या त्या मुलासाठी आता कुणाला काही करता येणार नाही, पण तुमच्या मैदानावर हे करता येईल. पुढाकार तुम्ही घ्या.

शेवटचा प्रश्न, लेकीला सांगावं का. सोळा वर्षांची आहे, शरीर तिचं आहे, खेळ तिचा आहे. सांगावं, आणि आधी सांगावं. निवड जाईल या भीतीनं मुली छातीतलं दुखणं लपवतात. ‘काही निघालं तरी आम्ही तुझ्या बाजूनं उभे राहू, लगेच खेळ कायमचा बंद करणार नाही, तुला विचारून ठरवू’ असं आईबापांनी दोघांनी मिळून सांगितलं तरच ती खरं बोलेल. तपासायला न्याल तेव्हा काही वेळ तुम्ही खोलीबाहेर थांबा, तिला डॉक्टरांशी, आणि शक्यतो बाई डॉक्टरांशी, एकटीनं बोलू द्या. पाळीत रक्त फार जातं का, वजन ठेवायला जेवण टाळते का, कुणी जोर येण्यासाठी पावडर किंवा गोळी दिली का, आणि याआधीही कधी तशी पडली होती का, हे ती तुमच्यासमोर कदाचित सांगणार नाही. हे चार प्रश्न एका चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांच्या हाती द्या आणि मगच बाहेर या.